गोळी चढवलेलं बी

डॉक्टरांकडे औषधाला येणाऱ्या माणसाला पहिल्यांदा शिंक आवरायला शिकावं लागे. ऑक्टोबर लागला की दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत, पेशंटनी बसायच्या बाकावर, खिडकीच्या बाजूला मातीचे ट्रे येऊन बसत आणि पेशंट उरलेल्या अर्ध्या बाकावर एकमेकांना खेटून बसत. कुणी नाक चोळायला लागलं की आतून आवाज येई, "शिंकायचं असेल तर अंगणात जा. बी उडेल." पेशंट सर्दीचाच असला तर डॉक्टर स्वतः बाहेर येऊन त्याला चिकूच्या झाडाखाली तपासत. नवखा माणूस गोंधळून जाई. जुनी माणसं मात्र मुकाट अंगणात जात, शिंकून येत आणि पुन्हा आपल्या अर्ध्या जागेवर बसत.

बी पिटुनियाचं. ज्यांनी ते पाहिलेलं नाही त्यांना सांगते, ते नाकात ओढायच्या तपकिरीसारखं बारीक असतं. चिमटीतलं बी खाली पडलं की नाही हे कळायला आपलीच बोटं पुन्हा उजेडात धरून बघावी लागतात. त्याच्यावर माती टाकायची नाही, कारण त्याला उजेड लागतो. पाणी वरून ओतायचं नाही, वाहून जातं. उघडं ठेवायचं नाही, सुकतं. फार दिवस झाकायचंही नाही, बुरशी येते. इतक्या अटी घालणारं स्थळ मुलीच्या बापानेही सोडून दिलं असतं. डॉक्टरांनी ते धरून ठेवलं होतं, मी त्यांच्याकडे राहायला गेले त्याच्या कितीतरी आधीपासून.

मी साताऱ्याची. बदली होऊन रत्नागिरीला आले, तेव्हा कचेरीतल्या कुणीतरी सांगितलं की थिबा पॅलेसच्या बाजूला एका होमिओपॅथीच्या डॉक्टरांच्या घराचा वरचा मजला रिकामा आहे. बघायला गेले. डॉक्टर उंच, किंचित पुढे वाकलेले, शर्टाच्या खिशात चष्मा आणि नाकावरही चष्मा. त्यांनी मला खोल्या दाखवल्या त्या अशा. "मे महिन्यात इथे राहवत नाही. पावसात ह्या भिंतीला ओल येते, कपाटातले कपडे कुबट होतात. समोरच्यांचा कुत्रा पहाटे भुंकतो. आधीच्या भाडेकरूला इथे कावीळ झाली, पण ती बहुतेक बाहेरच्या पाण्याने असावी."

मी विचारलं, "मग चांगलं काय आहे?"

ते बराच वेळ विचार करत उभे राहिले. मग म्हणाले, "जिना रुंद आहे."

मी जागा घेतली. पुढे मे महिना आला, पाऊस आला, कुत्राही भुंकला. कशाबद्दलच मला तक्रार करता आली नाही, कारण सगळं आधीच सांगून झालेलं होतं.

खोटं बोलू नये हे पुष्कळांचं तत्त्व असतं. डॉक्टरांची ती व्याधी होती. मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आलेल्या शेजाऱ्याला ते म्हणाले होते, "त्या दिवशी मला काम काही नाही. पण मी येणार नाही, मला पंगतीचा कंटाळा येतो. मुलीला आशीर्वाद." शेजारी वर्षभर बोलत नव्हता. पेशंटलाही तेच. गुडघे धरून आलेल्या माणसाला सांगत, "हे माझ्या गोळ्यांनी जाणार नाही. तुमचं वजन जातंय का बघा." कुणाची केस हाताबाहेरची वाटली की सरळ सिव्हिलला पाठवत, आणि वर म्हणत, "मला येत नाही ते येत नाही."

असं बोलणाऱ्या डॉक्टरकडे कुणी जाणार नाही असं मला सुरुवातीला वाटे. झालं होतं उलटंच. "होणार नाही" असं इतक्या सहज सांगणारा माणूस जेव्हा "होईल बरं" म्हणे, तेव्हा ऐकणारा निम्मा तिथेच बरा होई. मी जिन्यावरून येता-जाता हे पाहिलेलं आहे. लोक आत जाताना रडवेले असत आणि बाहेर येताना कुणीतरी मोठी हमी दिल्यासारखे चालत. लांजा, पाली, जाकादेवी, कुठून कुठून माणसं ते दोन शब्द ऐकायला येत.

आता पिटुनियाच का. रत्नागिरीत झाड म्हटलं की लोक पहिल्यांदा विचारतात, धरतं कधी. आंबा, काजू, नारळ, रातांबा, ज्याचं त्याचं उत्पन्न ठरलेलं. निदान जास्वंद तरी, देवाला उपयोगी पडते. पिटुनिया देवाला वाहत नाहीत, गजऱ्यात ओवत नाहीत, कशात घालून खात नाहीत, आणि मार्च तापला की ते मरतं. शेजारच्या बागायतदारांनी एकदा डॉक्टरांना कुंपणावरूनच विचारलं, "अहो, एवढी मेहनत कलमांवर केली असतीत तर आज पेट्या पाठवल्या असत्यात. ह्याचा उपयोग काय?"

"काही नाही," डॉक्टर म्हणाले. "पण ते झाड तसा आवही आणत नाही."

बागायतदारांना हा टोमणा वाटला. तो नव्हता. डॉक्टरांना टोमणे मारता येत नसत, त्यालाही थोडं खोटं बोलावं लागतं.

घरात ह्या सगळ्याची झळ काकूंना लागे. काकू म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी, बुटक्या, चपळ, आणि नवऱ्याला येत नसलेले सगळे टोमणे त्यांना येत. बी पेरायची माती आधी निर्जंतुक करावी लागते, नाहीतर कोवळी रोपं बुरशीने जातात. डॉक्टर ती चाळून मोदकपात्रात उकडत. खाली पाणी, वर चाळणीत फडकं, फडक्यात माती आणि नारळाचा भुसा, आणि झाकणाच्या कडेने वाफ. ओल्या मातीचा तो वास घरभर सुटे. "आमच्याकडे गणपतीला उकडीचे मोदक होतात ते एकदा," काकू मला सांगत, "आणि गणपती गेले की महिनाभर हे मातीचे." त्यांनी नवं मोदकपात्र आणलं तेव्हा ते माळ्यावर लपवलं होतं. डॉक्टरांनी ते शोधून काढलं, आणि जुन्यापेक्षा ह्याचं झाकण घट्ट बसतं असं काकूंना मोकळेपणाने कळवलं.

पेरणी झाली की ट्रेवर काच. रोज सकाळी काच उचलून तिच्यावरचं पाणी पुसायचं आणि परत ठेवायची. आठवड्याभरात मातीवर हिरवा धुरळा दिसू लागे. तो धुरळा म्हणजे रोपं. काच निघे, ट्रे काकूंच्या परातीत बसे, म्हणजे पाणी खालून चढावं. आणि तरीही एखाद्या सकाळी एका कोपऱ्यातली रोपं मान टाकून पडलेली असत. डॉक्टर ट्रेसमोर उभे राहून म्हणत, "काल संध्याकाळपर्यंत बरी होती." ते हे असं म्हणत की दारातून येणारा पेशंट घाबरून थबके.

जगलेली रोपं चार-सहा पानांची झाली की ते ती पेशंटना वाटून टाकत. देताना हातात कागदी कप ठेवून म्हणत, "हे तुमच्याकडे मरणार आहे. पण घेऊन जा." बहुतेक मरतही. माझ्या गॅलरीतली दोन मात्र जगली, तर डॉक्टर जिना चढून वर आले, दोन्ही झाडं नीट बघितली आणि म्हणाले, "मी चुकलो होतो." एवढंच सांगायला आले होते. चहा घेतला नाही.

पुढे त्यांची नजर कमी झाली. तपकिरीसारखं बी बारीक रेतीत मिसळून पेरायचं हा त्यांचा जुना रिवाज, पण एका वर्षी सगळं बी एकाच कोपऱ्यात पडलं आणि बाकीचा ट्रे ओसाड राहिला. तेव्हा बंगळूरच्या भाच्याने त्यांना गोळी चढवलेलं बी पाठवायला सुरुवात केली. म्हणजे प्रत्येक बियाभोवती चिकणमातीचा लेप देऊन राजगिऱ्याएवढी पांढुरकी गोळी केलेली. दात कोरायची काडी पाण्यात बुडवायची, टोकाला एक गोळी उचलायची, मातीवर टेकवायची. फवारा मारला की लेप विरघळतो आणि बी मोकळं होतं. डॉक्टर खूश झाले. जन्मभर ह्याच मापाच्या गोळ्या हाताळलेल्या, हात बसलेला. काकू म्हणाल्या, "औषधही असंच आणि बीही असंच. आता एकदा मला पण गोळी चढवा, म्हणजे तुमच्या नजरेला दिसेन."

घोटाळ्याचं मूळ इथेच होतं, पण ते तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

रत्नागिरीच्या हवेत पावसाळाभर मिठाला पाणी सुटतं. गोळ्या तर लगेच एकमेकींना चिकटतात. म्हणून डॉक्टरांच्या औषधाच्या कपाटात एक छोटा दिवा चोवीस तास जळत असे. ती घरातली सगळ्यात कोरडी जागा. डॉक्टरांनी भाच्याकडून आलेलं बी तिथेच, औषधाच्या काचेच्या बाटलीत बुचाखाली भरून ठेवलं. बाटल्यांवर ते चिठ्ठी लावत नसत. "चिठ्ठी लावली की पेशंट नाव वाचतो, मोबाइलवर शोधतो आणि मग मला शिकवतो." कुठली बाटली कुठे, हे त्यांच्या हाताला पाठ होतं. हाताबद्दल त्यांना खात्री होती. डोळ्यांबद्दल नव्हती, आणि तेही ते सगळ्यांना सांगत.

त्या पावसाळ्यात गणपतीपुळ्याच्या एक वहिनी त्यांच्याकडे येत. देवळाला येणाऱ्या लोकांसाठी त्या घरगुती खानावळ चालवत. नवरा आदल्या वर्षी गेलेला, तेव्हापासून त्यांना झोप नव्हती. अगदी नव्हती. झोपेअभावी एकदा तळणाच्या कढईवर कलंडल्या आणि हात कोपरापर्यंत भाजून घेतला. डॉक्टरांनी पावसाळाभर त्यांना औषधं बदलून बदलून दिली. गुण आला नाही. शेवटी स्वभावाप्रमाणे म्हणाले, "माझ्याच्याने होत नाही. सिव्हिलला दाखवा."

"दावलं," वहिनी म्हणाल्या. "त्यांनी दिलेल्या गोळीनं झोप येते, पन पाटेचं उठवत नाय. सहाला भाकऱ्या लागतात लोकांना. चूल कोन पेटवनार? तुमीच बगा काय ता."

डॉक्टरांनी पुन्हा पुस्तकं काढली, एक शेवटचं औषध ठरवलं, बाटली हातात दिली आणि आठवड्याला दोन गोळ्या घ्यायला सांगितल्या. आणि म्हणाले, "होईल बरं." ते मी ऐकलं, कारण भाड्याचं पाकीट द्यायला मी दारात उभी होते. नवरात्रात वहिनींचा फोन आला. झोप लागत होती. पहिल्या आठवड्यापासूनच, लहान पोरासारखी. त्या दिवशी डॉक्टर कपाट पुसताना शीळ घालत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकली, असं काकू म्हणाल्या.

पाऊस आटोपल्यावर त्यांनी माती उकडली, ट्रे भरले आणि कपाटातून बियाची बाटली काढून काडीने एकेक गोळी टेकवत पेरणी केली. दुपार गेली त्यात. फवारा मारला, काच ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कचेरीला निघाले, तर डॉक्टर बाकावर ट्रेशेजारी बसलेले. दवाखाना उघडायची वेळ झाली होती, पण दार बंदच होतं.

"इकडे या," ते म्हणाले. "हे काय आहे?"

मी बघितलं. खिडकीच्या चौकटीतून मुंग्यांची ओळ निघाली होती, ती काचेच्या फटीतून ट्रेमध्ये जात होती, आणि ट्रेमध्ये सगळीकडे मुंग्या.

"मुंग्या," मी म्हटलं.

"बियाला मुंग्या का लागतील? ह्याच्यावर चिकणमाती आहे." ते थांबले. "मुंग्या साखरेला लागतात."

मला कळायला थोडा वेळ लागला. त्यांना रात्रीपासून कळलेलं असावं, डोळे तसे दिसत होते. कपाटातली अख्खी बाटली त्यांनी फक्त वहिनींना दिली होती, म्हणजे आता पेरलं होतं ते वहिनींचं औषध. आणि वहिनी आठवड्याला दोन ह्या हिशेबाने पिटुनियाचं बी खात होत्या.

मला हसू आलं. ते मी गिळलं, कारण डॉक्टर उठून फोनकडे निघाले होते. "बियाण्याला पुष्कळदा औषध चोळलेलं असतं," ते म्हणाले. "बुरशीचं. विषारी असतं ते." त्यांनी भाच्याला फोन लावला, भाचा म्हणाला चौकशी करून सांगतो. काकू म्हणाल्या, "आधी त्या बाईला फोन करा, गोळ्या बंद करा म्हणावं." तो त्यांनी लगेच केला. मात्र कारण सांगितलं नाही. फोन ठेवून मला म्हणाले, "तुमची स्कूटर आहे ना? चूक फोनवर सांगायची नसते. समोरच्याला दोन थोबाडीत मारायची सोय पाहिजे."

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. आरे-वारेच्या रस्त्याने आम्ही गेलो. एका बाजूला समुद्र, मागे डॉक्टर, मांडीवर छत्री. उतारावर त्यांनी एकदाच तोंड उघडलं. "ब्रेक लागतात ना?"

"लागतात."

"बरं."

वहिनींच्या खानावळीत दुपारची पंगत नुकतीच उठली होती. डॉक्टर स्वतः आलेले बघून त्या हात पुसत बाहेर आल्या, खुर्ची पुढे केली, कोकम सरबत आणायला वळल्या. बाई चांगल्या दिसत होत्या. तोंडावर तुकतुकी आलेली. डॉक्टर बसले नाहीत. उभ्याउभ्याच त्यांनी सगळं सांगितलं, मुंग्यांसकट, काही न लपवता. बाटली परत मागितली. मळमळ, चक्कर, काही झालं का विचारलं.

"काय पन नाय," वहिनी म्हणाल्या. त्यांनी देवाच्या फळीवरची बाटली काढून दिली. "आदीच्या तुमच्या गोळ्या गोड व्हत्या. त्यांनी काय झालं नाय. ह्या मातकट लागल्या तवाच मी म्हटलं, आता डॉक्टरांनी खरं औषद काडलं."

"ते बी होतं."

"असंल. पन झोप लागली ना मला."

"बियाने झोप लागत नाही."

"मग कशानं लागली?"

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मला माहीत नाही," ते म्हणाले.

"तुमाला नाय म्हाईत?"

"नाही."

बी खाल्लं हे ऐकून त्या बाईचा चेहरा उतरला नव्हता. हे ऐकून उतरला. मला त्या क्षणी डॉक्टरांचा राग आला. एक वाक्य बोलले असते, निदान गप्प राहिले असते, तर काय बिघडत होतं. पण ते सरबत न पिताच पायऱ्या उतरले आणि स्कूटरपाशी जाऊन उभे राहिले.

दोन-तीन दिवसांनी भाच्याचा फोन आला. बियावर नुसती चिकणमाती होती, औषध चोळलेलं नव्हतं. काकूंनी देवापुढे साखर ठेवली आणि म्हणाल्या, "चला, सुटलात." दवाखाना चालू होता, पण पेशंटपुढे एक बाटली उचलायची, उजेडात धरायची, पुन्हा ठेवायची, असं डॉक्टर करत राहत. गोष्ट त्यांनी प्रत्येकाला सांगितली. तुमच्या बाबतीतही असं झालेलं असू शकतं, असंही सांगितलं. लोक हसून औषध घेऊन जात. "होईल बरं" हे शब्द मात्र त्या दिवसांत मी त्यांच्या तोंडून ऐकले नाहीत.

मग एका शनिवारी सकाळी, मला सुट्टी होती म्हणून मी खाली काकूंशी बोलत बसले होते. डॉक्टरांनी नव्याने माती उकडून ट्रे भरला होता, तो भिजवून बाकावर ठेवला होता. शेजारी पाण्याची वाटी, काडी आणि वहिनींकडून परत आणलेली बाटली. काडी बुडवली आणि बाटलीचं बूच काढलं, तेवढ्यात फाटक वाजलं. वहिनी एसटीने आल्या होत्या. डोळे खोल गेलेले. डाव्या हाताच्या मनगटाला नवी पट्टी.

त्या बाकाच्या अर्ध्या जागेवर बसल्या. रागावलेल्या नव्हत्या. "त्या दिवशी तुमी येऊन गेलात," त्या म्हणाल्या, "आनि झोप गेली. तवापासनं एक मिनिट नाय."

डॉक्टर काडी हातात धरून उभे.

"आता थंडीत सहली येतात शाळांच्या. पन्नास-पन्नास पोरं जेवतात. मला पडून चालायचं नाय हो डॉक्टर." त्यांनी पट्टीचा हात दुसऱ्या हातात धरला. "तुमी सांगितलं नसतंत तर चाललं नसतं काय? माजं काय अडत व्हतं?"

ह्यावर डॉक्टरांकडे नेहमीचं उत्तर तयार असणार असं मला वाटलं. खरं ते सांगावं लागतं, मला येत नाही ते येत नाही, असलं काहीतरी. काकू चाळणी घेऊन दारात आल्या होत्या, त्याही थांबल्या. डॉक्टरांनी काडी वाटीत ठेवली. बाटलीला बूच लावलं. ते नीट बसलंय का हे बोटाने दाबून बघितलं.

"वहिनी," ते म्हणाले, "त्या दिवशी माझी चूक झाली."

"ती सांगितलीत ना."

"ती नाही. तुम्हाला दिलं होतं ते औषधच होतं. मी घाबरलो आणि उलटं समजून बसलो. वय झालं माझं, डोळेही गेलेत."

वहिनी बघत राहिल्या. "पन गोड नव्हतं ते."

"भारी औषध गोड नसतं."

"आनि त्या मुंग्या?"

"मुंग्या काय, कुठेही येतात."

बोलताना त्यांचे कान लाल झाले होते. इतक्या उशिरा खोटं बोलायला शिकलेला माणूस किती वाईट बोलतो हे मी तेव्हा पाहिलं. काकूंनी मान दुसरीकडे वळवली.

"मग ता झाडाचं बी?" वहिनींनी विचारलं.

"ते पेरलंय. हे काय."

वहिनी ट्रेवर वाकल्या. ओली, काळी, सारखी केलेली माती, आणि तिच्यावर काही नाही. बराच वेळ त्या बघत होत्या. "दिसत नाय काय."

"सुरुवातीला दिसत नाही," डॉक्टर म्हणाले. "फार बारीक असतं." आणि त्यांनी बाटली वहिनींच्या हातात दिली.

वहिनींनी ती मुठीत घेतली, पण उठल्या नाहीत. "होईल ना हो बरं?"

"होईल बरं," डॉक्टर म्हणाले.

त्या गेल्यावर डॉक्टर अंगणात जाऊन चिकूखाली उभे राहिले. काकूंनी मला खूण केली, म्हणून मी वर निघून गेले. सोमवारी सकाळी त्यांनी स्टूल घेतलं आणि दवाखान्याची पाटी स्वतः उतरवली. मी स्टूल धरलं होतं. का म्हणून विचारलं, तर खालच्या स्क्रूशी झटापट करत म्हणाले, "आता मी पेशंटला काही सांगितलं तर ते खरं की खोटं, हे मला तरी कसं कळणार?" फाटकाशी आलेल्या पेशंटना त्यांनी स्वतःच परत पाठवलं. कारणही सांगितलं, फक्त वहिनींचं नाव आणि गाव घेतलं नाही.

मग माझी बदली झाली. दोन वर्षांनी कामासाठी रत्नागिरीला गेले, तेव्हा जानेवारी होता, म्हणजे पिटुनियाचा ऐन बहर. काकूंकडे डोकावले. डॉक्टर वाचनालयात गेले होते. बाक पूर्ण रिकामा होता आणि खिडकीत एकही ट्रे नव्हता. गणपतीपुळ्याच्या वहिनी कशा आहेत विचारलं. "मजेत," काकू म्हणाल्या. "झोपते चांगली. सहलींचं एवढं काम करते, पण तब्येत बघशील तर."

"आणि रोपं? भाचा आता बी पाठवत नाही का?"

"पाठवतो की, दर वर्षी," काकू चहा गाळत म्हणाल्या. "पेरायला उरत नाही."